पात्याला पाणी, मुठीला तेल

‘कोयता घ्यायचा तर ट्रकच्या पाट्याचा घ्या,’ असं बदलापूर-मुरबाडकडचा कुठलाही शेतकरी सांगेल. का, म्हणून विचारलं तर ‘पाटा कडक असतो’ एवढं उत्तर मिळतं. मग शहरातून आलेल्या माणसाला दोन प्रश्न पडतात. लोखंड ते लोखंड, त्यात पाट्याचं एवढं काय? आणि पातं इतकं चांगलं असेल, तर दोन पावसाळ्यांत मूठ खुळखुळायला का लागते?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आगीत आहे, दुसऱ्याचं पावसात. या प्रकरणात आपण हाताने एक छोटा शिकारी चाकू करू आणि करता करता दोन्ही उत्तरं शोधू. चाकूवरच्या बहुतेक लेखनात नव्वद टक्के शब्द पात्यावर खर्च होतात आणि मूठ शेवटच्या परिच्छेदात उरकली जाते. इथे तसं होणार नाही. चांगलं पातं क्वचित मोडतं. चाकू निकामी होतो तो बहुधा पोलाद आणि लाकूड जिथे भेटतात तिथे.

१. तीन स्टेशनं आणि एक चाकू

कर्जत लाइनवर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्टेशनं लागोपाठ येतात, आणि चाकू करायला लागणारं सगळं या तीन गावांत मिळून सापडतं. उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथे आसरा मिळाला, ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या गावाची पायाभरणी झाली, आणि ‘कॅम्प नंबर’ अजूनही तिथल्या पत्त्यांत आहे. तिथल्या फर्निचर बाजारामुळे सागवान, शिसवी, चपडा लाख, स्पिरिट, पॉलिश पेपर यांतलं काहीही शोधायला लांब जावं लागत नाही. मुठीला लागतो वीतभर लाकडाचा तुकडा. मोठ्या कामातून उरलेल्या कातऱ्यांत तो सहज निघतो.

अंबरनाथ हे धातूचं गाव. ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि भोवतालची एमआयडीसी यांच्यामुळे ‘हार्डनिंग-टेम्परिंग’ हे शब्द तिथल्या कितीतरी घरांत जेवतानाही कानावर पडतात. बदलापूरच्या पुढे बारवी धरणाचं जंगल, ठाकूर-कातकरी वाड्या आणि भातशेती. राबासाठी फांद्या तोडणं, कुंपण करणं, गवत, लाकूडफाटा, कशालाही कोयता लागतोच. कमरेच्या आकडीत अडकवलेला कोयता हा तिथल्या माणसाच्या पोशाखाचाच भाग आहे.

‘शिकारी चाकू’ हे नाव जुन्या काळातलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, आणि ती योग्यच आहे. तरी या चाकूची घडण कामाची आहे म्हणून ती टिकली: साधारण चार इंच पातं, तीन-चार मिलिमीटर जाड पाठ, टोकाकडे हलका उतार आणि मुठीत भरणारं लाकूड. दोर कापायला, कलम करायला, काठी तासायला, चंदेरी किल्ल्याच्या पायथ्याशी मुक्काम टाकल्यावर भाजी चिरायला याच्याइतकं सोयीचं हत्यार नाही.

कायद्याचं आताच सांगून टाकतो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाच्या अवजारांना यातून सूट आहे. आपला चाकू या मापांच्या खूप आत बसतो. पण पोलीस वेळोवेळी जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश काढतात, आणि लोकलच्या गर्दीत कमरेला चाकू लावून फिरण्याचं तसंही काही कारण नाही. सॅकमध्ये, म्यानात, गुंडाळून न्यावा.

२. पाट्यात असं काय असतं?

शुद्ध लोखंड मऊ असतं. त्यात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होतं, आणि किती मिसळला यावर त्याचा स्वभाव ठरतो. बांधकामाच्या एक किलो सळईत कार्बन असतो साधारण दोन-अडीच ग्रॅम. ट्रकच्या कमानपाट्यात तो पाच-सहा ग्रॅम असतो. कानशीत बारा ग्रॅमच्या आसपास.

सळई आणि पाट्यात फरक तीन-चार ग्रॅमचाच दिसतो, पण त्यावरच सगळं अवलंबून आहे. सळई तापवून पाण्यात बुडवली तरी ती धार धरण्याइतकी कडक होत नाही. कानस इतकी कडक होते की खाली पडली तरी तिचा तुकडा उडू शकतो. पाटा मधोमध बसतो: धार धरण्याइतका कडक करता येतो आणि दणका सोसण्याइतका चिवटही राहतो. पाट्याचा जन्मच ट्रकखाली वाकून पुन्हा सरळ होण्यासाठी झालेला असतो, म्हणून त्यात मँगनीज, क्रोमियम किंवा सिलिकॉनही घातलेलं असतं. शेतकऱ्याचा अनुभव आणि धातुशास्त्र इथे एकच गोष्ट सांगतात.

एक सावधगिरी मात्र हवी. भंगारातला पाटा लाखो वेळा वाकलेला असतो, त्यात केसाएवढ्या भेगा असू शकतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. कमानपाट्याचं काम करणाऱ्या गॅरेजमधून नव्या पाट्याचा कापून उरलेला तुकडा मिळाला तर तोच घ्यावा. मिळालेल्या पोलादाची खात्री करायची असेल, तर बोटभर पट्टी कापून लालबुंद करा, तेलात विझवा, शिकंज्यात धरा, वर जाड कापड टाका आणि हातोडीने ठोका. काचेसारखी तुटली आणि तुटलेला भाग मऊ राखाडी, बारीक कणांचा दिसला, तर पोलाद चाकूचं आहे. नुसतीच वाकली, तर ते बाजूला ठेवा.

३. लाल होणं, विझणं आणि उतरणं

कडक होणं म्हणजे नेमकं काय? तीळगुळाच्या वड्या करणारी बाई गुळाच्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून पाहते. पाक तोच, पण झटकन गार झालेला थेंब टणक होतो. पोलादात हेच कणांच्या पातळीवर घडतं. सुमारे ७३० अंश सेल्सियसच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि नव्या मांडणीत कार्बनला आत शिरायला जागा मिळते. पोलाद सावकाश गार केलं तर कार्बन बाहेर पडतो आणि ते पुन्हा मऊ होतं. झटकन गार केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, सगळी मांडणी ताणली जाते, आणि हा ताण म्हणजेच कडकपणा.

योग्य क्षण ओळखायला दोन साधनं पुरतात, सावली आणि लोहचुंबक. उन्हात लाल रंगाचा अंदाज चुकतो, म्हणून भट्टी नेहमी आडोशाला. ७७० अंशांच्या सुमारास पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्यानंतर आणखी थोडा ताव द्यायचा, रंग पिकलेल्या चेरीसारखा एकसारखा दिसला की पातं बाहेर काढायचं. याहून जास्त तापवू नका. नारिंगी-पिवळ्या रंगावर रेंगाळलेल्या पोलादाचे कण मोठे होतात आणि धार ठिसूळ बनते. ठोकून घडवताना तो ताव लागतोच. म्हणून घडवून झाल्यावर दोन-तीन वेळा लाल करून हवेत गार होऊ द्यावं, म्हणजे कण पुन्हा बारीक होतात.

विझवायचं कशात? पाट्याच्या पोलादाला तेल बरं, आणि तेही हाताला चांगलं गरम लागेल इतकं तापवलेलं. गरम तेल पातळ असतं आणि उष्णता लवकर ओढून घेतं. पाणी त्याहून वेगाने गार करतं, पण बारीक पात्याला त्यात तडा जायचा धोका मोठा. तेल भांड्यात अर्ध्याहून वर नको, जवळ झाकण हवं, कारण तेल पेट घेतं. आणि पातं विझवण्याआधी एक गोष्ट विसरू नका: मुठीकडच्या भागात पिनांसाठी लागणारी भोकं कडक करण्यापूर्वीच पाडा. नंतर साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरत राहतं.

आता पातं कडक आहे, आणि म्हणूनच बिनकामाचं आहे. दगडावर पडलं तर तुटेल. थोडा ताण काढून टाकण्याच्या कृतीला टेम्परिंग म्हणतात. घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दीड-दोन तास, गार होऊ द्यायचं, पुन्हा तेवढंच. पातं आधी घासून चकचकीत केलेलं असेल तर त्यावर फिकट पिवळा रंग चढलेला दिसतो. उष्णता वाढवत नेली तर तो गडद पिवळा, २५० अंशांच्या आसपास तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांकडे निळा होतो. हा रंग पृष्ठभागावर साचणाऱ्या ऑक्साइडच्या अतिपातळ थराचा. चाकूच्या धारेला पिवळा बरा; झाडावर घाव घालणाऱ्या कोयत्याला त्याहून पुढचा, जांभळ्याकडे झुकणारा.

रस्त्याकडेला पाल ठोकून बसणारे घिसाडी हे सगळं ओव्हनशिवाय, एका दमात करतात. भाता चालू असतो, सांडशीत पातं धरून पुरुष ऐरणीपाशी बसलेला, आणि समोर उभी राहून बाई दोन्ही हातांनी घण घालते. घणाचा घाव कुठे पडायचा हे तो छोट्या हातोडीच्या टिचक्यांनी दाखवतो. कोयत्याला आकार आला की तो पुन्हा लाल करून फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवतो, पाठ लालच. बाहेर काढून लगेच विटेच्या तुकड्याने धारेजवळचा काळा थर खरवडतो आणि बघत राहतो. पाठीतली उष्णता सावकाश धारेकडे सरकते: आधी पिवळी झाक, मग तपकिरी. हवा तो रंग धारेवर पोहोचला की अख्खा कोयता पाण्यात. धार कडक, पाठ चिवट. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. पण क्रम तोच, जो अंबरनाथच्या कारखान्यातल्या भट्टीच्या नोंदवहीत लिहिलेला असतो. अशा माणसाशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करताना त्याच्या या दहा सेकंदांच्या नजरेची किंमत लक्षात घ्यावी.

४. मूठ का खुळखुळते?

लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. त्याने लांबीत जवळजवळ फरक पडत नाही, रुंदीत मात्र पडतो. ढोबळ हिशेब असा: ओलावा एक टक्क्याने बदलला की रुंदी साधारण ०.२ टक्के बदलते. समजा मूठ २५ मिलिमीटर रुंद आहे. बदलापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये लाकडातला ओलावा १८ टक्क्यांवर गेला आणि एप्रिलमध्ये १० टक्क्यांवर आला, तर फरक आठ टक्क्यांचा. २५ चे ०.२ टक्के म्हणजे ०.०५, गुणिले आठ, ०.४ मिलिमीटर. पोलाद मात्र जागच्या जागी. ०.४ मिलिमीटर म्हणजे नख शिरेल एवढी फट.

कोयत्याच्या मुठीत आणखी एक गोष्ट घडते. पात्याची शेपटी लाल करून लाकडात ठोकलेली असते, आणि वर लोखंडी कडं बसवलेलं असतं. पावसात लाकूड फुगू पाहतं, पण कडं त्याला फुगू देत नाही. मग आतले तंतूच चेंगरतात. उन्हाळ्यात लाकूड आकसतं तेव्हा ते चेंगरलेल्या मापावरून आकसतं, आणि मूठ आधीपेक्षाही ढिली होते. ढिला कोयता रात्रभर पाण्यात ठेवून घट्ट करायची रीत सगळीकडे आहे. ती चार दिवसांचं काम भागवते आणि मुठीचं आयुष्य कमी करते. त्यापेक्षा भोकात वितळलेली लाख किंवा राळ ओतून शेपटी पुन्हा बसवणं चांगलं. जुन्या तलवारींच्या मुठीही लाखेवरच बसवलेल्या असत.

आपल्या चाकूसाठी याहून भक्कम रचना घेऊ. पोलादाची पट्टी मुठीच्या टोकापर्यंत अखंड, आणि तिच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या दोन पाकळ्या, पितळी पिनांनी जखडलेल्या. इथे लाकडाला बाहेरच्या बाजूने फुगायला मोकळीक असते, त्यामुळे तंतू चेंगरत नाहीत.

लाकूड कुठलं? सागवान सर्वांत स्थिर, पावसात सगळ्यात कमी खेळ करतं, पण त्यात नैसर्गिक तेल असतं आणि चिकटवण नीट धरत नाही. चिकटवण्याआधी थिनरने पुसून घ्यावं. शिसवी जड, गर्द, हातात भरणारी. माझी पहिली पसंती तीच. तिचा भुसा काहींच्या कातडीला आणि नाकाला झोंबतो, म्हणून मास्क लावूनच घासावी. बाभूळ चिवट आणि स्वस्त, पण तिच्यात टॅनिन भरपूर. ओल आली की लोखंडालगत निळा-काळा डाग धरते. खैर जवळजवळ पाण्याइतका जड आणि कानशीला दाद न देणारा. ज्याच्या गाभ्याचे ढलपे उकळून कात काढण्यावरून कातकरी समाज ओळखला गेला, तेच हे झाड. लाकूड वखारीतून किंवा फर्निचरच्या कातऱ्यांतूनच घ्यावं. जंगलातलं झाड तोडणं गुन्हा आहे. आणि कुठलंही घेतलं तरी ते वाळलेलं हवं. दोन्ही पाकळ्या एकाच फळीतून, शेजारीशेजारी कापाव्यात, म्हणजे त्या सारख्याच हलतात.

५. मुठीवरचा हात

पाकळ्यांचं पात्याकडचं टोक चिकटवण्याआधीच पूर्ण घासून, पॉलिश करून घ्या. हे नवशिक्याला कुणी सांगत नाही. एकदा पाकळी चिकटली की त्या टोकापर्यंत पातं न ओरखडता पोहोचताच येत नाही. आतली बाजू उलट खरखरीत हवी. ८० नंबरच्या पेपरने ओरखडे पाडा, पोलादावरही. ॲराल्डाइट लावा, पिना घाला आणि शिकंजा माफक आवळा. जोर लावून आवळला तर चिकटवण सगळं बाहेर येतं आणि आत काहीच उरत नाही. चोवीस तास हात लावू नका. पात्याला जाड टेप गुंडाळा. धार अजून काढायचीच नाही.

आता आकार. कानशीने कडा मोडा, हातात धरा, पुन्हा कानस. मुठीचं माप टेबलावर ठरत नाही. डोळे मिटून धरल्यावर धार कुठल्या बाजूला आहे ते कळलं पाहिजे, म्हणून मूठ गोल नको, अंडाकृती हवी. मशीनवर घासत असाल तर पितळी पिनांवर बोट ठेवून बघा. चटका बसला तर आतलं चिकटवण मऊ पडायला लागलंय. थांबा, गार होऊ द्या.

मग पॉलिश पेपर: ८०, १२०, २२०, ४००. प्रत्येक नंबराने आधीच्या नंबराचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. २२० झाल्यावर ओल्या फडक्याने मूठ पुसा आणि वाळू द्या. गुळगुळीत वाटलेलं लाकूड पुन्हा खरखरीत होतं, कारण दबलेले तंतू पाण्याने उभे राहतात. ते ४०० ने हलक्या हाताने कापा. पुन्हा पाणी, पुन्हा पेपर, तंतू उठेनासे होईपर्यंत. ही पायरी गाळलेली मूठ पहिल्याच पावसात हाताला टोचते.

शेवटचा हात कशाचा? उल्हासनगरचा पॉलिशवाला चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने आरसा करून देईल, आणि कपाटावर ते देखणं दिसतं. कामाच्या चाकूला मात्र ते चालत नाही: घामाने घसरतं, पाणी पडून पांढरं होतं. मेलामाइन किंवा पीयूचा थर टणक, पण एकदा टवका उडाला की कडेने सोलत जातो. मुठीला तेल हवं, आणि तेही जवसाचं. खोबरेल कधीच वाळत नाही, चिकटच राहतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडाच्या छिद्रांत घट्ट होतं. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ तेल साधारण एका दिवसात वाळतं, कच्च्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पूर्ण पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार-पाच हातांत शिसवीच्या रेषा उजळतात. तेल ओलावा थांबवत नाही, त्याचा वेग कमी करतं, ०.४ मिलिमीटरचा खेळ सावकाश झाला की चिकटवणावर ताण कमी येतो.

तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस वाळताना उष्णता निर्माण होते, आणि बोळ्यात ती कोंडून फडकं आपोआप पेटतं. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाची वन मेरिडियन प्लाझा ही उंच इमारत अशाच फडक्यांनी पेटली. तीन अग्निशामक जवान गेले. फडकी एकेक करून उघड्यावर पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून टाका.

६. धार

धार सर्वांत शेवटी. दगडावर कोन मोजायला यंत्र लागत नाही: पात्याची पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश उंचीवर धरली की कोन सुमारे वीस अंश होतो. पातं तीस मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दहा मिलिमीटर वर. स्वयंपाकघरातल्या चाकूला एक चतुर्थांश पुरे. दोन्ही बाजू सारख्याच फिरवा, दगडावर पाणी असू द्या.

पाट्याचं पोलाद गंजतं, ते स्टेनलेस नाही. वापरल्यावर पुसावं, तेलाचा हलका हात द्यावा. चामड्याच्या म्यानात ठेवून कपाटात टाकू नये; चामडं ओल धरून ठेवतं आणि पात्यावर ठिपके पडतात. मृगाचा पाऊस येण्याआधी घरातल्या प्रत्येक लाकडी मुठीला, मग ती चाकूची असो, विळीची की कोयत्याची, जवसाचा एक हात द्या. आणि ढिला कोयता पाण्यात टाकण्याऐवजी लोहाराकडे न्या. तो अजून तुमच्या रस्त्यावर बसतो आहे, तोवर.